वाचकांचे प्रश्न : झंस्कारच्या घळईतला दोन भूखंडांचा सांधा

लडाखमध्ये निम्मू गावाजवळ झंस्कार नदी सिंधूला मिळते. या संगमापासून झंस्कारच्या वरच्या अंगाला चिलिंगपर्यंत जाणारा सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता भारत आणि आशिया यांच्या टकरीचा सांधा आडवा ओलांडतो. तिथे जाऊन आलेल्या आणि जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी या घळईतल्या खडकांविषयी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : घळईत थर अक्षरशः उभे आहेत. पण थर उभे झाले म्हणजे भूपट्टच आदळले, असे कशावरून? दरड घसरूनही थर तिरपे होतात ना?

उत्तर : होतात. शंका रास्त आहे. तिरपा थर इतकेच सांगतो, की गाळ साचल्यानंतर ती जागा हलली. डोंगराचा एखादा भाग सलग घसरला तरी त्यातले थर कलतात, खालून शिलारस घुसला तरी कलतात. वाळू तर नदीपात्रात मुळातच तिरपी साचू शकते. म्हणून एका थराचा फोटो दाखवून ‘हा टकरीचा पुरावा’ म्हणणे बरोबर नाही. पुरावा आहे तो खडकांच्या क्रमात. कुठल्या खडकाशेजारी कुठला खडक आला आहे आणि त्या दोघांमधली सीमा कशी आहे, हे पाहावे लागते.

हा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे असा लागतो. सिंधूच्या उत्तरेला, लेहच्या पाठीशी, फिकट करड्या रंगाचा ग्रॅनाइटी डोंगर आहे. त्याला लडाख बॅथोलिथ म्हणतात. तो साधारण १० कोटी ते ५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात टप्प्याटप्प्याने थिजला. त्यात काळ्या हॉर्नब्लेंडच्या काड्या आणि अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे दिसतात. ही दोन्ही खनिजे आपल्या रचनेत पाणी धरून असतात. सागरी भूपट्ट दुसऱ्या पट्टाखाली शिरतो तेव्हा दाबामुळे त्यातले पाणी सुटते, ते वरच्या प्रावरणात (भूकवचाखालच्या जाड थरात) शिरते, तिथल्या खडकाचा वितळणांक खाली येतो आणि शिलारस तयार होतो. आजच्या अँडीज पर्वताखाली हेच चालू आहे. म्हणजे लेहचा ग्रॅनाइट सांगतो, की त्याच्या दक्षिणेला एक महासागर होता आणि त्याचा तळ उत्तरेकडे खाली जात होता.

त्याच्या दक्षिणेला सिंधू गटाचे गाळखडक येतात : लाल, जांभळे, हिरवे शेल (चिखल घट्ट होऊन बनलेले खडक), वालुकाश्म आणि गोट्यांचे थर. निम्मूपासून पुढे बराच वेळ रस्ता यांच्यातूनच जातो. त्यानंतर चिलिंगच्या परिसरात सागरतळाच्या खडकांची मोडतोड झालेला पट्टा लागतो. त्याच्याही पलीकडे, नदीच्या आणखी वरच्या भागात, जाड थरांचे चुनखडक आहेत. ते भारताच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात साचलेले. आशियाच्या काठावरचे ज्वालामुखीचे मूळ, दोन्ही भूखंडांमधल्या खोलगट भागाचा गाळ, महासागराचा तळ आणि भारताचा किनारा असे हे चार पट्टे एकामागून एक येतात. मधला महासागर नाहीसा झाल्याशिवाय ते असे चिकटून येऊ शकत नाहीत.

हे सगळे एका दिवसात पाहता येते, कारण सिंधू या पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने वाहते, तर झंस्कार त्यांना आडवी कापते. ओंडका आडवा कापला तरच वलये दिसतात, तसे आहे. त्यामुळे वेळ कमी असेल तर लेहहून सिंधूकाठाने लांबवर जाण्यापेक्षा निम्मूला वळावे.

प्रश्न : उभ्या थरात वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे कसे ओळखायचे? डावीकडचा थर जुना की उजवीकडचा?

उत्तर : हे ठरवल्याशिवाय पुढचा कोणताच निष्कर्ष काढू नये. थर ८०–९० अंशांत उभा असेल तर त्याची वरची बाजू कुठल्याही दिशेला असू शकते. ९० अंशांच्या पुढे गेला असेल तर जुना थर चक्क नव्याच्या डोक्यावर बसलेला असतो. थरावरच्या खुणा मात्र गाळ साचताना झालेल्या असतात, त्या थराबरोबर फिरतात.

वालुकाश्मात सर्वांत भरवशाची खूण म्हणजे छेदस्तर. एकाच थराच्या आत तिरप्या बारीक रेषा दिसतात. त्या खालच्या बाजूला वळत वळत बुडाशी टेकतात आणि वरच्या बाजूला एकदम छाटल्या जातात, कारण पुढच्या पाण्याने त्यांचे माथे खरवडून नेलेले असतात. छाटलेली बाजू ती वरची. शेलमध्ये चिखलाच्या भेगा असतील तर त्या खाली निमुळत्या होतात. लाटांनी उमटवलेल्या लहरखुणांची टोकदार शिखरे वर असतात, पसरट खोलगट भाग खाली. वाळूचा थर मऊ चिखलावर बसला असेल तर वाळूचे फुगवटे खालच्या चिखलात रुतलेले दिसतात. एकाच थरात रेतीचे कण एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होत गेले असतील तर जाड बाजू बहुतेकदा खालची.

‘बहुतेकदा’ म्हणण्याचे कारण आहे. गोटे-मातीचा लोंढा एकदम येऊन थबकतो तेव्हा मोठे गोटे वरही राहतात. त्यामुळे गोट्यांच्या थरात कणांच्या आकारावरून वर-खाली ठरवू नये. निदान तीन वेगळ्या खुणा एकच दिशा दाखवत असतील तेव्हाच वहीत बाण काढा.

दुसरी चूक याहून जास्त लोक करतात. शेल दाबला गेला की त्यात पापुद्र्यांसारख्या समांतर फटी पडतात. लांबून त्याच थर वाटतात. खरा थर ओळखायचा तो रंग आणि कणांचा आकार बदलतो त्या रेषेवरून. फटी या रेषेला कापून जातात. दोन्हींचा कल एकाच दिशेला असेल आणि फटी थरापेक्षा जास्त उभ्या असतील तर थर सरळ बाजूने आहे. थर फटींपेक्षा जास्त उभा असेल तर तो उलटलेला आहे. घडीच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत, हे या एका निरीक्षणातून कळते. झंस्कारच्या घळईत थर पुन्हा पुन्हा दुमडलेले आहेत. त्यामुळे ‘दक्षिणेकडे जाऊ तसे जुने’ असा सरसकट नियम लावून चालत नाही, प्रत्येक ठिकाणी खूण शोधावी लागते.

प्रश्न : थराचा कल मोबाइलने मोजला तर चालतो का? आमच्या तिघांच्या मोजण्यात वीस-वीस अंशांचा फरक आला.

उत्तर : चालतो, पण पद्धत पाळावी लागते. थराचा पृष्ठभाग खडबडीत असतो, म्हणून त्यावर आधी कडक पुठ्ठ्याची वही सपाट टेकवा आणि मोजणी वहीवर करा. मोबाइलची कड वहीवर फिरवत जिथे पातळी शून्य दाखवते ती आडवी रेषा पेन्सिलने ओढा. ही नतिलंब रेषा. तिची दिशा होकायंत्रावर घ्या. तिला काटकोनात खाली जाणारा उतार मोजा, ती नती. एकाच थरावर हात-दोन हातांच्या अंतराने पाच मोजण्या घ्या आणि फटकून असलेली टाकून द्या.

वीस अंशांच्या फरकाची कारणे बहुधा दोन. मोबाइलच्या कव्हरमध्ये चुंबक असतो, गाडी आणि हातोडाही होकायंत्राला ओढतात. कव्हर काढा, गाडीपासून दहा-पंधरा पावले दूर जा. चिलिंगजवळच्या हिरव्या सर्पेंटिनाइट खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, तिथे खडकच सुई फिरवतो. अशा ठिकाणी खडकापासून दूर उभे राहून लांबच्या ओळखीच्या शिखराच्या संदर्भाने दिशा ठरवावी.

दुसरे कारण : थराऐवजी घळईच्या भिंतीवर दिसणारी रेषा मोजली गेली. भिंत थराला तिरकी कापत असेल तर रेषेचा कल खऱ्या नतीपेक्षा नेहमी कमी दिसतो. थर ६० अंशांत कललेला असेल आणि भिंत नतिलंब रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर भिंतीवर कल फक्त ४१ अंश दिसेल. रस्त्याच्या पलीकडून काढलेल्या फोटोवर कोनमापक ठेवून काढलेले आकडे म्हणूनच निरुपयोगी ठरतात.

प्रश्न : लाल, हिरवे, जांभळे रंग तांब्यामुळे आहेत का? चिलिंग तर तांब्याच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे.

उत्तर : नाही. हे रंग मुख्यतः लोहाचे. गाळ हवेशी संपर्क असलेल्या नदीपात्रात, पूरमैदानात साचला तर लोह गंजून लाल-जांभळे होते. ऑक्सिजन कमी असेल तिथे ते हिरवट खनिजांत राहते. त्यामुळे लाल-हिरवे पट्टे बदलत्या पाण्याचे आणि हवेचे टिपण आहेत. चिलिंगच्या कारागिरीचा या रंगांशी संबंध जोडू नये. एक खबरदारी मात्र घ्या : लडाखच्या कोरड्या हवेत दगडांवर काळपट-तपकिरी चकचकीत पटल चढते. ताजा फुटलेला पृष्ठभाग पाहिल्याशिवाय रंग नोंदवू नका.

प्रश्न : निम्मूच्या पुढे सिमेंटमध्ये गोटे बसवावेत तसा खडक आहे. त्यात नेमके काय पाहायचे?

उत्तर : आमच्या मते या सबंध रस्त्यावरचा सर्वांत बोलका खडक हाच. त्याला पिंडाश्म म्हणतात. नदीने आणलेले गोटे वाळू-चिखलात पुरले गेले आणि घट्ट झाले. प्रत्येक गोटा कुठल्या ना कुठल्या डोंगराचा तुकडा आहे, आणि तो डोंगर आज शिल्लक नसला तरी गोटा शिल्लक आहे.

गोटे मोजायचे कसे, ते सांगतो. खडकाच्या स्वच्छ तोंडावर एक मीटर लांब-रुंद चौकोन घ्या. त्यावर १० सेंटिमीटर अंतराने दहा उभ्या आणि दहा आडव्या दोऱ्या ताणा. शंभर छेदबिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूखाली जो गोटा येईल त्याचा प्रकार लिहा. मोठा गोटा दोन बिंदूंखाली आला तर दोनदा लिहा, कारण आपण व्यापलेले क्षेत्र मोजत आहोत. बिंदूखाली नुसती वाळू आली तर ‘भरण’ लिहा, बिंदू गाळू नका. डोळ्यांना आवडलेले रंगीत गोटे निवडून मोजले की लाल चर्ट भरमसाट दिसतो आणि करडा वालुकाश्म सुटून जातो. ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. दोऱ्यांचा खटाटोप त्यासाठीच.

मग प्रत्येक गोट्याला भिंग लावा, दहापट मोठे दिसेल असे. पांढऱ्या फेल्डस्पारमध्ये काचेसारखा करडा क्वार्ट्झ आणि काळी काडी किंवा अभ्रक दिसले, कण एकमेकांत गुंतलेले दिसले, तर तो ग्रॅनाइटी, उत्तरेकडच्या बॅथोलिथचा. बारीक पोताच्या हिरव्या-करड्या खडकात चौकोनी पांढरे ठिपके असतील तर ज्वालामुखीचा. लाल, गुळगुळीत, पोलादी सुरीने ओरखडा न उमटणारा आणि शंखासारखा वळणदार फुटणारा तो चर्ट, खोल सागरतळाचा. सुरीने सहज ओरखडणारा आणि आम्लाने फसफसणारा तो चुनखडक.

आता या नोंदी वाचायच्या. ग्रॅनाइटी गोटे सापडले म्हणजे थर साचला तेव्हा बॅथोलिथ उघडा पडून झिजू लागला होता. जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर थिजलेला खडक तोवर वर आला होता, एवढे निश्चित. पण यातून टक्कर सिद्ध होत नाही. टक्करीसाठी एकाच थरात दोन्ही किनाऱ्यांचा माल सापडायला हवा : उत्तरेचा ग्रॅनाइट आणि दक्षिणेचा, म्हणजे भारताच्या बाजूचा, गाळ. मध्ये खोल महासागर असताना भारताकडचा गोटा आशियाच्या काठावर पोहोचूच शकत नाही.

इथे चुनखडकाचा गोटा फसवतो. तो भारताकडून आला असे लगेच वाटते. पण आशियाच्या बाजूलाही, सिंधूकाठच्या खाल्सीजवळ, क्रिटेशस काळातला, म्हणजे साधारण साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, चुनखडक आहे. त्यामुळे नुसत्या चुनखडकाच्या गोट्यावरून निकाल देता येत नाही, त्यातले जीवाश्म पाहावे लागतात. प्रयोगशाळेत वालुकाश्मातले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे सूक्ष्म कण वेगळे करून प्रत्येक कणाचे वय काढतात. लडाख बॅथोलिथचे कण काही कोटी वर्षांचे असतात, भारतीय भूखंडाकडून आलेले त्याहून कितीतरी जुने, ५० कोटी वर्षे आणि त्यामागचे. दोन्ही एकाच थरात मिसळू लागतात तिथे सांधा जुळलेला असतो.

प्रश्न : महासागराचा तळ डोंगरात आहे असे म्हणतात. तो खडक हातात घेतल्यावर कसा ओळखायचा?

उत्तर : सागरी कवचाची जाडी सुमारे सहा-सात किलोमीटर असते. खाली प्रावरणाचा जड पेरिडोटाइट खडक, वर खोलवर सावकाश थिजलेला गॅब्रो, त्यावर फटींत थिजलेल्या शिलारसाच्या उभ्या भित्ती, त्यावर उशीसारखे गोलाकार लाव्हा आणि सर्वांत वर चर्ट व चिखल. ही चळत शाबूत मिळाली तर तिला ऑफिओलाइट म्हणतात. पूर्व लडाखमधल्या निदर इथे ती बऱ्यापैकी सलग आहे. झंस्कारच्या घळईत मात्र तिचे तुकडे आहेत : कुस्करलेल्या शेलमध्ये अडकलेले बेसाल्ट, चर्ट, चुनखडक आणि सर्पेंटिनाइटचे लहान-मोठे ठोकळे. या घोळाला मेलांज म्हणतात. त्यात थरांचा क्रम शोधत बसू नका, तो मोडलेलाच असतो. ठोकळ्याची कड पाहा. तिथे शेलचे चकचकीत, ओरखडे पडलेले पृष्ठभाग दिसतील. ठोकळा तिथे साचलेला नसून सरकत आल्याची ती खूण.

सर्पेंटिनाइट ओळखायला सोपा : गडद हिरवा, स्पर्शाला साबणासारखा, सुरीने ओरखडणारा. दोऱ्याला बांधलेला छोटा चुंबक जवळ नेला तर बहुधा ओढला जातो. प्रावरणातल्या पेरिडोटाइटमध्ये पाणी शिरून तो बनतो. पाण्याचे प्रमाण वजनाच्या १३ टक्क्यांपर्यंत जाते आणि घनता ३.३ वरून सुमारे २.६ वर येते. हलका, निसरडा खडक दाबाखाली फटींतून वर ढकलला जातो. विभंगरेषांवर, म्हणजे खडक तुटून सरकतात त्या रेषांवर, हिरव्या पट्ट्या दिसतात त्या याच.

लाल चर्ट अधिक सूक्ष्मपणे पाहावा. त्याचे थर काही सेंटिमीटरचे, मध्ये शेलचा पातळ पापुद्रा. ताज्या तुकड्याला पाणी लावून भिंगाखाली धरला तर टाचणीच्या टोकाहून लहान, गोल, फिकट ठिपके दिसतात. हे रेडिओलेरिया, सिलिकेचे कवच असलेले एकपेशीय सागरी जीव. आजच्या महासागरांत साधारण चार-पाच किलोमीटर खोलीखाली चुन्याची कवचे विरघळतात आणि सिलिकेचीच उरतात. लडाखच्या उंचीवर चर्टमध्ये असे ठिपके दिसतात आणि चुन्याचा लवलेशही नसतो, तेव्हा त्या खोलीवरचा तळ इतका वर आला आहे, हे समोर असते.

आम्लाविषयी : विमानात आम्ल नेता येत नाही आणि नेऊही नये. खडकाचा थोडा चुरा करून त्यावर व्हिनेगर टाका आणि भिंगातून बुडबुडे पाहा. चुरा न करता टाकले तर डोलोमाइट (चुनखडकासारखा, पण मॅग्नेशियम असलेला खडक) अजिबात फसफसत नाही आणि चुनखडकही मंदच वाटतो. बहुतेक चुकीची उत्तरे यातूनच येतात.

प्रश्न : लामायुरूची ‘मूनलँड’ म्हणजे टेथिस समुद्राचा तळ, असे सांगतात. खरे आहे का?

उत्तर : नाही. टेथिस म्हणजे भारत आणि आशिया यांच्यामधला नाहीसा झालेला महासागर. ‘मूनलँड’ची पिवळट, मऊ माती मात्र एका तळ्यात साचली. दरड कोसळून दरी अडली, मागे तळे झाले, पुढे बांध फुटून पाणी निघून गेले. टेथिसशी तुलना केली तर ही अगदी कालची घटना, वय हजारांत मोजायचे. तिथले थर जवळजवळ आडवे आहेत आणि बोटाने कुस्करतात, टकरीत सापडलेला गाळ असा राहत नाही. गोंधळ होतो तो नावामुळे : ‘लामायुरू फॉर्मेशन’ नावाचा एक खडकगटही आहे. ते काळपट, दुमडलेले शेल आणि चुनखडक भारताच्या किनाऱ्यालगतच्या खोल उतारावर साचलेले. माती पाहून झाल्यावर तिच्या भोवतीच्या गडद डोंगरांकडे वळून पाहा, टेथिस तिथे आहे.

प्रश्न : टक्कर पाच कोटी वर्षांपूर्वी झाली, हे कोणत्या आधारावर ठरवले?

उत्तर : एका आधारावर नाही, आणि म्हणूनच आकड्यावर विश्वास ठेवता येतो. अभ्यासकांत सहा कोटी ते पाच कोटी वर्षांदरम्यान मतभेद आहेत, कारण ‘टक्कर’ म्हणजे पहिला स्पर्श की शेवटचा समुद्र आटणे, हे प्रत्येक जण वेगळे धरतो.

शेवटच्या समुद्राची खूण घळईत आहे. सिंधू गटाच्या लाल नदीगाळाच्या सोबतीला एक चुनखडकाचा पट्टा आहे, त्यात न्यूम्युलाइट सापडतात. हे नाण्यासारखे चपटे जीवाश्म. थर आडवा फुटला तर गोल चकत्या आणि आत गुंडाळी दिसते, उभा फुटला तर डोळ्याच्या आकाराची चीर. एकपेशीय असूनही काहींचा व्यास सेंटिमीटरहून मोठा भरतो. ते उबदार, उथळ समुद्रात राहत. इथल्या प्रकारांवरून त्या थराचे वय सुमारे पाच कोटी वर्षे ठरते. त्यानंतर घळईत नदी आणि तळ्याचा गाळ आहे. न्यूम्युलाइट शोधताना धुतलेला, झिजलेला पृष्ठभाग पाहावा, कारण ताज्या तुटीवर ते खडकात मिसळून जातात.

दुसरा आधार चुंबकत्वाचा. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजे त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राचा कल धरून ठेवतात. हा कल विषुववृत्तावर शून्य, ध्रुवावर ९० अंश. सूत्र साधे आहे : कलाचा टॅन्जंट म्हणजे अक्षांशाच्या टॅन्जंटची दुप्पट. लेहच्या ३४ अंश अक्षांशाला तो ५३ अंशांच्या आसपास यायला हवा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसाल्टमधला कल भारताला विषुववृत्ताच्या दक्षिणेला २०–३० अंशांवर ठेवतो. हिंदी महासागराच्या तळावरचे चुंबकीय पट्टे सांगतात, की त्या काळात भारत वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे येत होता आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा वेग झपाट्याने पडला. घळईतला शेवटचा सागरी थर आणि हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रतळावरचा मंदावलेला वेग एकाच काळाकडे बोट दाखवतात.

प्रश्न : भारतीय पट्ट आशियाखाली गेला असेल, तर त्याचा काही भाग परत वर आलेला दिसतो का?

उत्तर : दिसतो, पण झंस्कारच्या या टप्प्यात नाही. त्यासाठी त्सो मोरिरी सरोवराकडे जावे लागते. तिथल्या नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकात गडद, जड इक्लोजाइटचे गोळे आहेत : तांबडा गार्नेट आणि हिरवट पायरॉक्सीन. गार्नेटच्या आत कोएसाइट हे खनिज सूक्ष्मदर्शकाखाली सापडले आहे. ते क्वार्ट्झचेच रसायन, पण सुमारे ९० किलोमीटर खोलीच्या दाबाशिवाय बनत नाही. वर येताना कोएसाइट फुगून क्वार्ट्झ होऊ लागतो, म्हणून त्याच्याभोवती गार्नेटमध्ये किरणांसारख्या चिरा पडतात. साध्या भिंगाने हे दिसणार नाही, इक्लोजाइटचा रंग आणि जडपणा मात्र हातातच कळतो. कारगिलच्या वाटेवरच्या शेरगोलजवळ निळसर ग्लॉकोफेन असलेला ब्लूशिस्ट आहे. जास्त दाब पण कमी तापमान, हे समीकरण फक्त थंड सागरी पट्ट झटकन खाली जातो तिथेच जुळते. आमच्या मते भूपट्ट खाली शिरल्याचा याहून थेट पुरावा मिळणे कठीण.

प्रश्न : हा सांधा अजून हलतो का? भूकंपाचा धोका इथेच सर्वाधिक का नाही?

उत्तर : भारत आजही वर्षाला चार-पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि त्यातले जवळपास दोन सेंटिमीटर हिमालय सोसतो. पण ते आकुंचन आता दक्षिणेकडच्या पायथ्याच्या विभंगावर आणि त्याच्या उत्तरेकडे खाली जाणाऱ्या पृष्ठभागावर होते. सांधा जुळून जाड झाल्यावर पट्टाला दक्षिणेकडे नवी फट पाडणे सोपे गेले. १९०५चा कांगडा आणि २०१५चा नेपाळमधला गोरखा, हे मोठे भूकंप त्या व्यवस्थेतले. लडाखच्या बाजूला नुब्रा खोऱ्यातून काराकोरम विभंग जातो. त्याच्या दोन्ही बाजू आडव्या घसरतात, पलीकडची बाजू आपल्या उजवीकडे. सांध्याच्या पट्ट्यात पुगा आणि चुमाथांगचे गरम झरे आहेत, म्हणजे तडे आजही खोलवर उघडे आहेत. त्यामुळे धोका नाही असे नव्हे, त्याचे केंद्र मात्र सरकले आहे.

प्रश्न : जायचे कधी, बरोबर काय घ्यायचे आणि नमुना आणता येतो का?

उत्तर : जून ते सप्टेंबर. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस विश्रांती घ्या, शहर ३,५०० मीटरवर आहे. घळईत सकाळी लवकर शिरा. तिरप्या उन्हात थरांच्या कडा उठून दिसतात, दुपारी वारा सुटतो आणि सैल दगड घरंगळतात. सुट्या ढिगाखाली थांबून मोजणी करू नका. भिंग, सुरी, चुंबक, पुठ्ठ्याची वही, दोरा आणि एक छोटी व्हिनेगरची बाटली पुरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावरचा भूवैज्ञानिक नकाशा आधी उतरवून घ्या, घळईत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.

नमुना आणण्याऐवजी फोटो आणा : शेजारी मोजपट्टी, वर उत्तर दिशेचा बाण आणि मागे जागा ओळखू येईल असा एक दूरचा फोटो. मार्खा खोऱ्याचा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून दगड उचलू नये. बाहेरही, न्यूम्युलाइट किंवा चर्टचा थर हातोड्याने फोडण्याऐवजी खाली पडलेला तुकडा पाहावा आणि तिथेच ठेवावा. जागेवरून हललेल्या जीवाश्माचा थर कोणता हे पुन्हा सांगता येत नाही.